पाऊणकीचा किनारा

गौतमपुऱ्याहून समुद्र कुठल्याही बाजूने लांबच. गावाजवळून चंबळ वाहते. ती उत्तरेला जाऊन यमुनेला मिळते, यमुना गंगेला, आणि गंगा पार बंगालच्या उपसागराला. आमच्या अंगणात पडलेल्या पावसाला समुद्र गाठायचा तर अर्धा देश पालथा घालावा लागतो. आत्याने अडुसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र एकदाच पाहिला होता, तोही मुंबईला लग्नाला गेली असताना, चौपाटीवर, तासाभरापुरता.

माझी पुतणी इटलीला असते. तिने अमाल्फीच्या किनाऱ्यावरच्या प्रवासाची चित्रफीत पाठवली. कड्यात कोरलेला रस्ता, खाली छोट्या छोट्या आखातांत निळं पाणी, उतरणीवर लिंबांचे मळे आणि वळणावळणाला एखादं गाव. आत्याने ती तीनदा पाहिली आणि म्हणाली, "अरे, आपल्याकडे असाच रस्ता कोकणात असेल की. आपण मूळचे तिकडचेच ना?" आमच्या आडनावामागे कोकणातलं एक गाव आहे. दोनशे-अडीचशे वर्षांत घरातलं कुणी तिथे राहिलेलं नाही, पण आडनाव टिकलं. फाल्गुनात गाडी काढायची, एवढं त्याच संध्याकाळी ठरलं.

बेत आखायला नकाशा उघडला. रेवसपासून रेडीपर्यंत जाणाऱ्या सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अंतुल्यांच्या काळातली, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या तोंडावरची. नकाशावर ती एक रेघ दिसते, पण जवळून पाहिलं की ती जागोजाग तुटलेली आहे. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी समुद्राला मिळताना रुंद खाडी करते आणि रस्ता तिच्या काठाशी येऊन थांबतो. काही ठिकाणी पूल आहेत, काही ठिकाणी त्यांची कामं हाती घेतली आहेत. जिथे पूल नाही तिथे गाडीसकट माणसं पलीकडे नेणारी बोट असते, तिला सगळे जंगलजेट्टी म्हणतात. दोन्ही टोकांना उघडणारा सपाट तराफा, त्यावर ट्रक, मोटारी, दुचाकी, मासेवाल्या आणि शाळेची मुलं एकाच रांगेत उभी.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी भरतीचं पाणी हातभरही चढत नाही. तिथली होडी सकाळी धक्क्याला ज्या उंचीवर बांधावी, जवळपास त्याच उंचीवर ती संध्याकाळी सापडते. कोकणात तसं नाही. मुंबईच्या बाजूला उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरपर्यंत जाते, दक्षिणेकडे ती कमी होत जाते. सकाळी जिथे पुळण असते तिथे दुपारी लाटा, आणि संध्याकाळी होड्या चिखलात कलंडलेल्या. कुठे केव्हा पोचायचं, हे इथे पाणी ठरवतं.

मी भरतीचं वेळापत्रक शोधत बसलो होतो. आत्याने पंचांग काढलं. "तिथीची पाऊणपट कर. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा." आजोबा होळकर संस्थानच्या शाळेत मास्तर होते आणि त्यांनी घरातल्या सगळ्या मुलांकडून पावकी, निमकी, पाऊणकी पाठ करून घेतली होती. त्यातलाच हा ठोकताळा. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसलेल्या मास्तरांना भरतीचं गणित कशाला हवं होतं, ते आत्यालाही सांगता येईना. त्यांनाही कुणीतरी शिकवलं असणार, त्यांच्या वडलांनी, किंवा त्यांच्याही वडलांनी. पंचांग गाडीच्या समोरच्या कप्प्यात गेलं आणि आमचा सगळा प्रवास त्यावर झाला.

निघालो ते गव्हाच्या सोनेरी शेतांमधून. खलघाटला नर्मदा ओलांडली, शिरपूरजवळ तापी, नाशकाला गोदावरी. चंबळ उत्तरेला जाते, नर्मदा आणि तापी पश्चिमेला, गोदावरी पूर्वेला. एका दिवसात चार नद्या आणि तीन दिशा. महूजवळच्या जानापावच्या डोंगरावर चंबळ उगम पावते. तिथेच परशुरामाचा जन्म झाला अशी श्रद्धा आहे, आणि समुद्र मागे हटवून कोकण वसवलं तेही त्यानेच, असं कोकणातला प्रत्येक जण सांगतो. म्हणजे आमच्या नदीच्या उगमापासून ज्या भूमीकडे निघालो होतो तिथपर्यंत एका कथेचा धागा होता. आत्याला तो पुरेसा होता. तिने जानापावच्या दिशेला हात जोडले आणि डुलकी काढली.

अलिबाग मागे टाकून रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडला की कोर्लई येतं. डोंगर समुद्रात शिरलेला, त्यावर १५९४ साली पोर्तुगीजांनी जिंकून घेतलेला किल्ला, पायथ्याला कोळीवाडा आणि माउंट कार्मेल चर्च. इथे मी सर्वांत जास्त चकित झालो, तो किल्ल्याने नाही, भाषेने. गावातली काही ख्रिस्ती घरं आजही आपसात एक वेगळी बोली बोलतात. तिचे शब्द पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण मराठी. क्रियापद शेवटी येतं, जसं आपल्याकडे येतं. अभ्यासक तिला कोर्लई क्रिओल म्हणतात. बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारी माणसं हजाराच्या आतबाहेर. १७४० साली किल्ला मराठ्यांकडे आला, पोर्तुगीज निघून गेले, आसपासच्या मुलखाशी त्यांचा संबंध तुटला, पण या डोंगराच्या पायथ्याशी त्यांची बोली पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ चुलीपाशी टिकून राहिली.

एका घराच्या ओट्यावर आजी सुकट निवडत होत्या. आमच्याशी मराठीत बोलल्या आणि तेवढ्यात आत वळून सुनेला काहीतरी म्हणाल्या. त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण हेल इतका ओळखीचा की आत्या मान डोलावून "हो हो" म्हणाली. नंतर गाडीत म्हणाली, "आपणही तसलेच रे. आपण 'मी करून राहिलोय' म्हणतो तेव्हा पुण्याची माणसं हसतात. शब्द आपले, चाल इंदूरची." खरंच आहे. घरापासून लांब पडलेल्या भाषेला शेजारणीची चाल लागते. कोर्लईला ते उलट घडलं, इथे शेजारीण आपली मराठी होती.

जंजिऱ्याबद्दल फार लिहीत नाही. भर समुद्रात उभे असलेले ते बुरूज आणि आतले गोड्या पाण्याचे तलाव सगळ्यांनी पाहिलेले आहेत. आगरदांड्याहून जेट्टीने राजपुरीची खाडी ओलांडून दिघीला उतरलो आणि दिवेआगरमार्गे श्रीवर्धनला आलो.

श्रीवर्धन हे पेशव्यांचं मूळ गाव. बाळाजी विश्वनाथ भट इथल्या देशमुखांच्या घरातले. जंजिऱ्याच्या सिद्दीशी बिनसल्यावर त्यांनी गाव सोडलं, घाटावर आले आणि १७१३ साली पेशवे झाले. त्यांचा मुलगा बाजीराव. बाजीरावाने माळव्याचा कारभार मल्हारराव होळकरांकडे सोपवला, आणि १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगीची जहागीर मिळाली. गौतमाबाईंच्या नावाने जे गाव वसलं ते आमचं गौतमपुरा. या किनाऱ्यावरून एक कुटुंब जीव मुठीत धरून निघालं आणि पुढच्या काही दशकांत त्याच्या पाठोपाठ नर्मदेपलीकडे आमचं गाव उभं राहिलं. इतिहासाच्या पुस्तकात हे मी शाळेत वाचलं होतं. पण पेशव्यांच्या पुतळ्यासमोर उभं राहून मागे लाटांचा आवाज ऐकताना पहिल्यांदा जाणवलं, की सिद्दीचं आणि भटांचं बिनसलं नसतं तर आजोबांच्या शाळेचं गाव कदाचित नकाशावर नसतं.

श्रीवर्धनची दुसरी ओळख रोठा सुपारी. इथल्या वाड्यांत शिरलं की उन्हाचा रंग बदलतो. वर माड, त्याच्या खाली सरळसोट पोफळी, पोफळीला चढलेले मिरीचे वेल, खाली केळी, आणि या सगळ्यांमधून पाण्याचा बारीक पाट. बिघ्यांनी शेत मोजणाऱ्या माळव्याच्या माणसाला इतकी कमी जमीन एवढं उत्पन्न देते हेच नवल. पण त्या वाडीत मधे मधे आभाळ दिसत होतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ इथेच आसपास किनाऱ्यावर आदळलं आणि काही तासांत हजारो माड-पोफळी आडव्या झाल्या. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात. वाडीवाल्या काकांनी कंबरेएवढ्या, खांद्याएवढ्या आणि डोक्याच्या वर गेलेल्या रोपांच्या रांगा दाखवल्या. दरवर्षी थोडी थोडी लावलेली. "ही पहिली," म्हणाले आणि एका झाडाच्या बुंध्यावर हात ठेवला. त्यावर पहिला घोस लागला होता, मुठीएवढा.

हरिहरेश्वरला आम्ही दशमीला पोचलो, म्हणजे पाऊणकीने भरती साडेसातला आणि ओहोटी दीडच्या सुमाराला. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या पायऱ्या दोन कड्यांच्या फटीतून खाली समुद्राच्या तळाशीच उतरतात, आणि ती वाट ओहोटीलाच मोकळी असते. पुजारी म्हणाले, "आणखी अर्धा तास थांबा, इकडे जरा उशिरा उतरतं." ठोकताळा तो ठोकताळाच, पण अर्ध्या तासाची चूक मला काहीच वाटली नाही. खाली उतरलो तर कड्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी हजारो छिद्रं. खारं पाणी दगडात मुरतं, वाळताना मिठाचे कण फुगतात आणि दगड कणाकणाने सुटत जातो. बोट घातलं की आत ओलसर, खरखरीत लागतं. आत्या एका हाताने कडा चाचपत, दुसऱ्याने माझा दंड धरून पूर्ण प्रदक्षिणा चालली. आम्ही वर आलो तेव्हा मागे पहिली लाट त्या फटीत शिरत होती.

बागमांडल्याहून जेट्टीने सावित्री ओलांडली. ही महाबळेश्वरची सावित्री, इथे ती समुद्राएवढी रुंद होते. पाण्यात पुलाचे खांब अर्धवट उभे आहेत. पलीकडे वेश्वी, पुढे बाणकोट, आणि मग वेळास.

वेळास हे नाना फडणवीसांचं गाव. पण हल्ली ते कासवांसाठी ओळखलं जातं, आणि मला वाटतं नानांनाही ते आवडलं असतं. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या थंडीत रात्री पुळणीवर येतात, मागच्या पायांनी हातभर खोल खड्डा करतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटतात आणि परत जातात. पिल्लांशी त्यांचा पुन्हा संबंध येत नाही. पूर्वी ही अंडी माणसं आणि कोल्हे-कुत्री खाऊन टाकत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी जपायला सुरुवात केली. सापडलेलं घरटं उकरून जाळीच्या कुंपणातल्या तितक्याच खोल खड्ड्यात हलवतात, वर टोपली झाकतात आणि तारीख लिहून ठेवतात. पन्नासेक दिवसांनी वाळू खचायला लागते. अंडी ज्यांनी विकली होती त्यांच्याच घरांत आता पिल्लं पाहायला आलेले पाहुणे उतरतात आणि गरम भाकरी खातात.

एकादशीच्या संध्याकाळी टोपली उचलली गेली. खाली वाळूत काहीच दिसेना. मग एक काळा ठिपका हलला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता नऊ पिल्लं. पेढ्याएवढं अंग, त्याला चार वल्ही. ती पाण्यापासून थोडी दूर सोडतात, त्यांची त्यांनी चालत जावीत म्हणून. मादी मोठी झाल्यावर याच किनाऱ्याच्या आसपास परत येते, तर ती ओळख या काही पावलांत रुजते असं मानतात. पिल्लू दोन पावलं टाकतं, थांबतं, मान उचलतं, पुन्हा चालतं. मागे वाळूत टाक्यांसारखी नाजूक शिवण उमटत जाते. पाणी भरत होतं. एक लाट आली, सहा पिल्लं घेऊन गेली, दोन परत आणून टाकली. नववं उलटं पडलं होतं. सगळे श्वास रोखून उभे. कुणी हात लावायचा नाही, असं आधीच बजावलं होतं. पुढच्या लाटेने ते सुलटलं आणि दिसेनासं झालं. आत्याचे डोळे भरले होते. "एवढासा जीव," एवढंच म्हणाली.

जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच पुळणीवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ठेवलं प्रथमा. किनाऱ्यावर अंडी घालणारी कासवं वर्षभर कुठे असतात, हे अशा यंत्रांमुळे पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदा समजायला लागलं.

त्रयोदशीला हर्णै. ओहोटी पावणेचारच्या पुढे, आणि लिलावही तेव्हाच. होड्या खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या, समोर सुवर्णदुर्ग, आणि गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्या बैलगाड्या. धक्क्यापर्यंत होडी येत नाही, म्हणून मासळी आणि बर्फ बैल वाहतात. नांगर ओढणारे बैल मी जन्मभर पाहिलेत, लाटेला छाती देणारे पहिल्यांदा पाहिले. पुळणीवर सुरमई, पापलेट, हलवा, कोळंबीचे ढीग, प्रत्येक ढिगाभोवती बायकांचं कोंडाळं. बोली इतक्या झटपट लागते की आकडा ऐकू येईपर्यंत ढीग टोपलीत गेलेला असतो. बोली लावणारी बाई आणि विकणारी बाई दोघींचीही नजर माशावर, एकमेकींकडे नाही.

दाभोळ-धोपावे जेट्टी २००३ साली सुरू झाली. त्याआधी समोर दिसणाऱ्या गावाला गाडीने जायचं तर वाशिष्ठीला वळसा घालत पार आत जावं लागे. खाडीकाठची माणसं अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाहीत, "एक जेट्टी आणि पाऊण तास" असं सांगतात. रांगेत थांबायचा पहिल्या दिवशी मला कंटाळा आला होता. इथपर्यंत येता येता कळलं, की आम्हाला जे काही कळलं ते बरंचसं रांगेतच कळलं: कुठल्या गावात तेरसे शिमगा, कुठे भद्रेचा, काजू यंदा का कमी, कोणाचा मुलगा मुंबईहून आला. पूल झाले की दवाखान्यात न्यायची माणसं वेळेवर पोचतील, आणि त्यासाठी ते व्हायलाच हवेत. पण त्याआधी हा किनारा जेट्टीने पाहता आला, याचं मला फार समाधान आहे.

पौर्णिमेला सव्वाअकराच्या आत हेदवीला पोचायचं हे गौतमपुऱ्यातच ठरलं होतं. उमामहेश्वराच्या देवळामागे काळ्या खडकात एक अरुंद भेग आहे, बामणघळ. उधाणाचं पाणी तिच्यात शिरतं, शेवटी जागा उरत नाही आणि ते सरळ वर उसळतं. आधी जमिनीतून घुमणारा आवाज येतो, मग एक क्षण शांतता, मग माणसांच्या डोक्यांच्या कितीतरी वर पांढरा खांब. अष्टमीच्या भांगाला आलो असतो तर नुसती ओली भेग दिसली असती. आम्ही लांबच, कोरड्या खडकावर उभे होतो, तरी आत्याच्या चष्म्यावर मीठ जमलं.

त्याच संध्याकाळी जवळच्या एका गावात शिमगा पाहिला. दोन माणसांच्या खांद्यांवर पालखी, आत देवाची रुपं, ढोल-ताशांवर ती अशी नाचते की खाली उभ्या माणसाला वाटावं आता निसटली. सहाणेवर विसावली की घराघरांतून बायका ओटी भरायला येतात. मग शेरणं. एक नारळ जमिनीत कुठेतरी पुरून ठेवलेला असतो आणि पालखीने तो शोधायचा. पालखी मैदानभर फिरली, एकदा चुकीच्या जागी थबकली, पुन्हा निघाली आणि एका कोपऱ्यात जमिनीकडे झुकली. उकरलं तर नारळ. मुंबईहून रात्रभर उभ्याने आलेले चाकरमानी ओरडत होते. आमच्या गावात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी हिंगोट होतं. हिंगणबेटाचं फळ पोखरून त्यात दारू भरायची, आणि तुर्रा म्हणजे गौतमपुरा, कलंगी म्हणजे रुणजी, असे दोन गट एकमेकांवर ती पेटवून फेकतात. रक्तही निघतं. तिथेही बाहेर गेलेला माणूस त्या दिवसासाठी परत येतोच. देवाला खांद्यावर घेऊन घरोघर नेण्यातली माया मात्र मला इथे जास्त वाटली.

जयगडची खाडी ओलांडून रत्नागिरी आणि मग कशेळी. इथे समुद्र बाजूला आणि आपण सड्यावर, जांभ्याच्या उघड्या कातळावर. त्या कातळात एक हत्ती कोरलेला आहे, अठरा मीटर लांबीचा, आणि त्याच्या पोटात आणि भोवती मासे, पक्षी, जनावरं. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी २०१२ पासून सडे पायी पालथे घालून अशी शेकडो कातळशिल्पं नोंदवली. २०२२ मध्ये त्यांतली काही ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कोरणारे कोण, ते कुठल्या काळातले, यावर अभ्यास चालू आहे. जमिनीवर उभं राहून तो हत्ती एका नजरेत मावत नाही. आत्या सोंडेपासून निघून रेघेच्या कडेकडेने शेपटीपर्यंत चालत गेली, वळली, पाठीवरून परत आली. चपला तिने आधीच काढून ठेवल्या होत्या. कातळ तापलेला होता, तरी.

परतीला रंगपंचमी आडवी आली. त्या दिवशी इंदुरात गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, शहरातून गाडी जात नाही, म्हणून बाहेरूनच वळलो आणि षष्ठीला सकाळी घरी पोचलो. चंबळेचं पाणी खूप आटलं होतं. गव्हाची कापणी सुरू झाली होती.

दुपारी आत्या ओट्यावर पाय पसरून बसली होती. कॅलेंडरकडे बघून म्हणाली, "षष्ठी. साडेचार." मग थोडा वेळ थांबून, "वेळासला आज टोपली उचलतील तेव्हा पाणी उतरणीला लागलेलं असेल. पिल्लांना लांब चालावं लागेल."